मान, पाठ आणि पोटऱ्या: स्वतःच्या हातांनी मालिश कशी करावी

दिवसभराच्या कामाने अंग आंबले की घरातल्या लहान मुलाला ‘जरा तुडव’ असे सांगून पालथे पडण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. पंधरा-वीस किलो वजनाचे ते मूल भिंतीचा आधार घेत मांड्यांवरून आणि कुल्ल्यांवरून हळूहळू चालते, तोल सावरण्यासाठी मध्येच एका जागी थांबते, मग पुढे सरकते, आणि खाली पडलेल्या माणसाला पाच मिनिटांत डुलकी लागते. मालिशीबद्दल जे कळायला हवे ते बहुतेक या घरगुती प्रकारात आलेले आहे. दाब पावलाएवढ्या रुंद भागावर विभागलेला असतो, तो सावकाश येतो, एका जागी काही क्षण टिकतो, आणि ज्याचे अंग दाबले जात आहे त्याला कसलीही धास्ती वाटत नसते. मूल मोठे झाले किंवा ते कण्यावर नाचू लागले की मात्र हा प्रकार बंद करावा, आणि प्रौढ माणसाने तर कोणाच्याही पाठीवर कधीच उभे राहू नये.

स्वतःच स्वतःची मालिश करताना हाच सावकाशपणा सर्वांत आधी सुटतो. दुखणाऱ्या जागी अंगठा रुतवून जोराने रगडले म्हणजे तिथली ‘गाठ फुटते’ अशी समजूत पक्की असल्यामुळे माणूस दात-ओठ खाऊन दाबत राहतो, श्वास रोखतो, आणि ज्या स्नायूला सैल करायचे तोच बचावासाठी आणखी आक्रसतो. प्रत्यक्षात फुटण्यासारखी गाठ तिथे नसते. सुखद दाब आणि संथ हालचाल यांची जाणीव त्वचेतील व स्नायूंमधील मज्जातंतूंच्या टोकांकडून मेंदूपर्यंत पोहोचते, त्यामुळे वेदनेची तीव्रता कमी जाणवते आणि स्नायूला ताठ राहण्याची आज्ञा सैलावते. मालिशीचा तात्काळ जाणवणारा परिणाम मुख्यतः या वाटेने होतो असे आज मानले जाते. ‘मालिशीने स्नायूंत साचलेले आम्ल बाहेर पडते’ हे विधानही सोडून द्यावे. व्यायामात तयार झालेले लॅक्टेट, म्हणजे ज्याला लोक हे आम्ल म्हणतात ते, काही न करताही साधारण तासाभरात निवळते. खूप दिवसांनी गड चढून आल्यावर जी दुखण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते, ती स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेची असते आणि तिच्यावर हलकी मालिश पुरते.

दाब किती असावा यासाठी एक सोपे माप आहे. असह्य वेदनेला दहा गुण दिले, तर दाबताना होणारे दुखणे पाच गुणांच्या वर जाऊ नये, आणि ते ‘दुखते आहे पण बरे वाटते आहे’ अशा जातीचे असावे. याहूनही भरवशाची खूण म्हणजे श्वास. दाब देत असताना नाकाने संथ श्वास सोडता येत नसेल, कपाळाला आठ्या पडत असतील किंवा दुसऱ्या हाताची मूठ आपोआप वळत असेल, तर दाब निम्म्यावर आणावा. एका जागी तीस ते साठ सेकंद दाब धरून ठेवला की बहुधा दुखणे ओसरू लागते आणि बोटाखालचा भाग मऊ झाल्यासारखा वाटतो. मिनिटभरातही फरक पडला नाही तर हट्ट न करता पुढच्या जागी जावे. तिथेच दहा मिनिटे झुंजत बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी काळा-निळा डाग तेवढा मिळतो.

हात लावण्यापूर्वी

काही दुखणी मालिशीची नसतातच, आणि ती ओळखणे हे तंत्र शिकण्याहून महत्त्वाचे आहे. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम किंवा लालसर लागत असेल आणि दुखत असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात काढल्यानंतर असे झाले असेल, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशी पोटरी चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो, म्हणून तिला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. छातीत दडपण येऊन डावा हात, जबडा किंवा पाठ दुखत असेल, तर ‘वात भरला आहे’ असे म्हणून तेल लावत बसण्यात लाखमोलाचा वेळ जातो. कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती कमी होणे, जांघेच्या आणि बैठकीच्या भागात बधिरपणा येणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे ही तर तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत.

याशिवाय ताप असताना, जखमेवर किंवा पुरळ आलेल्या कातडीवर, फुगलेल्या निळ्या शिरांवर आणि हाड मोडल्याची शंका असलेल्या जागी मालिश करू नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि कर्करोगावर उपचार चालू असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पाय नुकताच मुरगळला असेल, तर पहिले दोन दिवस तो चोळू नये. ‘लचक काढून’ देणाऱ्या जाणत्या माणसाकडे त्याच संध्याकाळी जाऊन सूज दुप्पट करून आलेले लोक प्रत्येक गावात सापडतात.

तेलाबद्दल फार चर्चा होते. तेलाचे मुख्य काम हात आणि कातडी यांमधील घर्षण कमी करणे हे आहे, त्यामुळे घाटावर तिळाचे आणि कोकणात खोबरेल ही निवड उपलब्धतेची आणि सवयीची मानावी. मालिशीला दोन्ही चालतात. तेल थेट आचेवर न तापवता तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटे ठेवावी आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. जिथे एका जागी दाब धरायचा आहे किंवा चेंडू वापरायचा आहे, तिथे मात्र तेल लावूच नये, कारण बोट घसरते; अंगावरच्या सुती कपड्यावरूनच दाबावे. झोंबणारे वेदनाशामक मलम लावले असेल तर त्यावर शेकाची पिशवी ठेवू नये. अशा अनेक मलमांत मिथाइल सॅलिसिलेट असते, उष्णतेमुळे ते कातडीत अधिक शोषले जाते आणि चक्क भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. शेक घ्यायचा तो मालिशीच्या आधी, पंधरा ते वीस मिनिटे, कोरड्या कातडीवर.

साधने म्हणून दोन टेनिसचे चेंडू, एक जुना लांब पायमोजा आणि स्वयंपाकघरातले लाटणे एवढे पुरते.

मान आणि खांदे

माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असते. ते खांद्यांच्या बरोबर वर असते तेव्हा मानेचे मणके ते पेलतात, पण मोबाइलच्या पडद्यावर वाकलेले असते तेव्हा ते पुढे पडू नये म्हणून मानेमागच्या आणि खांद्यावरच्या स्नायूंना तासन्‌तास ओढून धरावे लागते. संध्याकाळी मान धरते ती त्यामुळे. डोके उजवीकडे वळेनासे झाले तर आपण उजवी बाजू चोळतो, पण दुखण्याची जागा आणि दुखण्याचे मूळ नेहमी एकच नसते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी याच गोष्टीचा आयुष्यभर पाठपुरावा केला आणि स्नायूतील अशा हळव्या जागांना त्यांनी रूढ केलेले ‘ट्रिगर पॉइंट’ हे नाव आज सर्वत्र वापरले जाते. या जागा नेमक्या कशाने तयार होतात याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. खांद्यावर दाबले असता कानशिलापर्यंत कळ जाते, हा अनुभव मात्र कोणालाही स्वतःवर पडताळून पाहता येतो.

पाठीला टेकण असलेल्या खुर्चीवर बसून उजवा हात मांडीवर सैल सोडावा. डावा हात छातीवरून नेऊन उजव्या खांद्यावर असा ठेवावा की मान आणि खांद्याचे टोक यांच्या मधोमध असलेला स्नायूचा जाड पट्टा तळहात आणि चार बोटे यांच्या चिमटीत येईल. डाव्या हाताचे कोपर टेबलावर किंवा उशीवर टेकवावे, नाहीतर उजवा खांदा सैल करता करता डावा अवघडतो. आता कणीक मळताना गोळा जसा उचलून धरतो तसा तो पट्टा उचलून धरावा, रगडू नये. दोन संथ श्वास झाल्यावर डोके अगदी हळू डावीकडे कलवावे आणि पुन्हा सरळ करावे, असे तीन वेळा करून बोटभर पुढे सरकावे. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत अशा तीन-चार जागा होतात. पकड स्थिर ठेवून मान हलवली की स्नायू हाताखालून स्वतःच सरकतो, त्यामुळे बोटांना श्रम पडत नाहीत.

फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या सपाट हाडाच्या, आतल्या वरच्या कोपऱ्यापाशी, जिथे आपला हात जेमतेम पोहोचतो तिथे, बैठे काम करणाऱ्या बहुतेकांना एक हळवी जागा सापडते. तिच्यासाठी पायमोज्यात एक चेंडू घालून मोज्याचे टोक खांद्यावरून पुढे धरावे, चेंडू भिंत आणि पाठ यांच्यामध्ये आणावा आणि पावले भिंतीपासून हातभर पुढे ठेवून अंगाचा भार हलकेच मागे टाकावा. पावले भिंतीपासून जितकी दूर तितका दाब अधिक, म्हणून सुरुवात जवळून करावी. चेंडू कण्यावर येऊ देऊ नये. तो कणा आणि फरा यांच्यामधल्या मांसल पन्हाळीतच फिरला पाहिजे.

डोके दुखण्यापर्यंत मजल गेली असेल तर कवटी आणि मान जिथे मिळतात तिथल्या लहान स्नायूंकडे जावे. दोन्ही चेंडू एकमेकांना चिकटून राहतील अशा रीतीने मोज्यात घालून गाठ मारावी, जमिनीवर उताणे निजावे आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चेंडू येईल असा तो जोड डोक्याखाली, कवटीच्या खालच्या कडेला ठेवावा. काही करायचे नाही. डोक्याचे वजन पुरेसे असते. दोन मिनिटांनी ‘हो’ म्हणताना हलवतो तितकेच डोके आठ-दहा वेळा हलवावे आणि पाच मिनिटांच्या आत उठावे.

मानेची पुढची बाजू आणि जबड्याखालचा भाग यांना हात लावू नये, कारण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात आणि तिथे दाबल्याने घेरी येऊ शकते. त्याच कारणास्तव सलूनमध्ये चंपी झाल्यावर न विचारता डोके धरून मान कडकन मोडून देण्याचा जो प्रकार चालतो, त्याला स्पष्ट नकार द्यावा. असा झटका बसून मानेतील रक्तवाहिनीला इजा झाल्याची आणि त्यातून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. ती विरळ आहेत, हे खरे. पण त्या ‘कडक’ आवाजाने हाती काहीच लागत नसताना तेवढा धोका तरी कशाला घ्यावा?

खांदे पुढे झुकून बसणाऱ्यांनी छातीकडेही पाहावे, आणि हे बहुतेक जण विसरतात. गळपट्टीच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाखाली, खांद्याच्या सांध्याच्या आत तीन बोटांवर जो स्नायू आहे तो आखडलेला असेल, तर मागची बाजू कितीही दाबली तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओढली जाते. तिथे विरुद्ध हाताची तीन बोटे सपाट ठेवून अर्धा मिनिट लहान वर्तुळे काढावीत.

हाताचा पुढचा भाग

टंकलेखन, दुचाकीचा क्लच, पोळ्या लाटणे या सर्वांत बोटे काम करताना दिसली तरी त्यांना हलवणारे स्नायू कोपराखाली असतात. हात टेबलावर पालथा ठेवून कोपरापासून मनगटाकडे लाटणे संथपणे फिरवावे, मग हात उताणा करून तसेच करावे. एका बाजूला एक मिनिट पुरे. मनगटाच्या आतल्या बाजूवर लाटणे आणू नये. तिथून बोटांकडे जाणारी नस जाते आणि तिच्यावर आधीच दाब असल्यास मुंग्या वाढतात.

कंबर

‘उसण भरली’ म्हणजे वाकताना किंवा नुसते शिंकताना कंबरेत चमक निघून माणूस जागच्या जागी अडकतो. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाने पाठीला लाथ लावली की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. उतरल्याचा अनुभवही लोक सांगतात, कारण साधी उसण काही दिवसांत आपोआप ओसरतेच. श्रेय त्या वेळी जो जवळ असेल त्याला मिळते. पहिल्या एक-दोन दिवसांत, जेव्हा कंबर फळीसारखी ताठ झालेली असते, तेव्हा तिच्यावर थेट दाब देऊ नये. उताणे निजून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात, कंबरेखाली शेकाची पिशवी घ्यावी आणि झेपेल तसे घरातल्या घरात चालत राहावे. अंथरुणाला खिळून राहिल्याने बरे होण्यास उलट वेळ लागतो.

नेहमीच्या, दिवस मावळता मावळता जाणवणाऱ्या कंबरदुखीत मला स्वतःला कंबरेपेक्षा कुल्ल्याच्या स्नायूंवर काम केल्याने अधिक आराम पडतो. तासन्‌तास बसल्याने हे मोठे स्नायू आखडतात आणि त्यांची कळ कंबरेत जाणवते. भिंतीला थोडे तिरके उभे राहून चेंडू कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या पाव भागात धरावा, म्हणजे पँटचा मागचा खिसा जिथे असतो त्याच्या जरा वर आणि बाहेर, आणि गुडघे किंचित वाकवत-सरळ करत चेंडू दोन-तीन इंच फिरू द्यावा. दुखरी जागा सापडली की तिथे थांबावे. कुल्ल्याच्या मध्यभागी खोलवर दाबताना पायात विजेसारखी सणक गेली, तर चेंडू सायटिकेच्या नसेवर आला आहे असे समजून लगेच जागा बदलावी. जमिनीवर चेंडू ठेवून त्यावर बसण्याचा प्रकार पुष्कळ दाखवला जातो, पण त्यात सगळ्या अंगाचा भार एका बिंदूवर येतो. नवशिक्याला भिंतच बरी.

कंबरेच्या मधल्या भागात, बरगड्यांच्या खाली, चेंडू किंवा लाटणे वापरू नये, कारण तिथे मूत्रपिंडे आहेत आणि बरगड्यांचे पूर्ण संरक्षण नाही. त्या भागासाठी दोन्ही हात कंबरेवर ठेवून अंगठ्यांनी कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर, कण्यापासून दोन बोटे अंतर राखून, माफक दाब द्यावा.

पोटऱ्या आणि तळपाय

दिवसभर उभे राहणाऱ्या दुकानदारांना, शिक्षकांना आणि बसवाहकांना पोटऱ्यांचे महत्त्व सांगावे लागत नाही. पलंगावर बसून एक पाय दुमडावा, पोटरीला थोडे तेल लावावे आणि दोन्ही तळहातांनी टाचेकडून गुडघ्याकडे, म्हणजे रक्त हृदयाकडे परतते त्या दिशेने, दहा-बारा लांब हात फिरवावेत. त्यानंतर अंगठे पोटरीच्या मध्यरेषेवर ठेवून दोन्ही बाजूंचे मांस बोटांनी धरावे आणि पाऊल वर-खाली करावे. गुडघ्यामागच्या खोलगट भागात दाबू नये. कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठका झाल्यावर मल्ल एकमेकांना मालिश करतात ती पाहिली, तर हात असाच लांब फिरताना दिसतो. त्यांचा जोर पाहून मात्र घरी अनुकरण करू नये, कारण ते शरीर त्या जोराला वर्षानुवर्षे सरावलेले असते.

रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा आधी मालिश नको. पायाची बोटे हाताने धरून स्वतःकडे ओढावीत किंवा उभे राहून टाच जमिनीवर दाबावी. ताण बसला की गोळा सुटतो, आणि मग मागे राहिलेली ठसठस हलक्या हाताने चोळावी. हे वारंवार होत असेल तर चालू असलेल्या औषधांसह डॉक्टरांना सांगावे.

तळपायासाठी खुर्चीवर बसून चेंडू टाचेपासून बोटांच्या उंचवट्यापर्यंत दोन मिनिटे फिरवावा. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखत असेल तर हे अंथरुणातून उतरण्यापूर्वी, अंगठा हाताने मागे ओढून धरून आणि तळव्याची ताणलेली पट्टी बोटांनी चोळून करावे. मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव कमी झालेल्यांनी चेंडू, शेक आणि कडक वस्तू टाळाव्यात आणि फक्त हातांनी, नजरेसमोर मालिश करावी, कारण त्यांना भाजल्याचे किंवा सोलल्याचे कळत नाही.

तूप किंवा खोबरेल लावून काशाच्या वाटीने तळवे घासण्याची घरगुती पद्धत उत्तम आहे, कारण वाटीचा रुंद, गुळगुळीत तळ सहसा टोचत नाही. घासता घासता तळवे काळे होतात ते ‘अंगातली उष्णता बाहेर आल्यामुळे’ नव्हे. कासे हा तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू आहे. त्याचे सूक्ष्म कण तेलात आणि घामात मिसळून तो काळेपणा येतो. झोप चांगली लागते हे मात्र खरे. दोन्ही तळव्यांना पाच-पाच मिनिटे दिल्यावर ते जुन्या फडक्याने नीट पुसावेत आणि मोजे चढवूनच उठावे, कारण तेलकट पायांनी फरशीवर किंवा न्हाणीघरात घसरून पडण्याचा धोका असतो.

मालिशीनंतर त्या सांध्याची पूर्ण पल्ल्याची हालचाल सात-आठ वेळा करावी, म्हणजे मान दोन्हीकडे वळवणे, खांदे मागे फिरवणे, घोटे गोल फिरवणे. मिळालेला सैलपणा त्यामुळे जास्त काळ टिकतो. एका भागाला दिवसातून एकदा पाच ते दहा मिनिटे पुरतात. दुसऱ्या दिवशी ती जागा हलकी दुखली तर एक दिवस सोडून दाब कमी करावा. दोन-तीन आठवडे नियमाने करूनही दुखणे तिथेच असेल, रात्री झोपेतून जागे करत असेल किंवा हातापायात मुंग्या येऊ लागल्या असतील, तर चेंडू बाजूला ठेवून फिजिओथेरपिस्टकडे जावे आणि आपण कुठे, किती आणि कसे दाबत होतो ते त्यांना प्रत्यक्ष करून दाखवावे.